मागच्या अंगणातली खाट

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी खाट आहे. मुलींच्या वसतिगृहात, दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत मी माझं बहुतेक आयुष्य काढलं. माझा रंग एके काळी हिरवा होता. आता तो कुठे कुठे शिल्लक आहे, एवढंच. माझा एक पाय जरासा आखूड आहे, म्हणून त्याच्याखाली कुणी ना कुणी पुठ्ठ्याची घडी सरकवून ठेवतं. कूस बदलली की मी करकरते. त्यावरून मला पुष्कळ बोलणी बसली आहेत.

माझा जन्म एका वेल्डरच्या दुकानात झाला. दुकान म्हणजे रस्त्याच्या कडेला पत्र्याचं छप्पर आणि खाली लोखंडाचा ढीग. वेल्डरने माझी चौकट जोडली, पट्ट्या बसवल्या आणि मग स्वतःच माझ्यावर धपकन अंग टाकलं. "हिच्यावर हत्ती झोपला तरी वाकायची नाही," तो म्हणाला. त्याची बायको शेजारी बसून माझ्या बहिणींना रंग देत होती. ती मान वर न करता म्हणाली, "हत्तीला कोण देतंय वसतिगृहात प्रवेश?" दोघं हसली. जगात आल्यावर मी पहिल्यांदा ऐकलं ते हे हसणं.

वसतिगृहात आल्यावर मला कळलं की माणसं वर्ष कसंही मोजत असली, तरी इथलं वर्ष सेमिस्टरने मोजतात. नव्या सेमिस्टरचा पहिला दिवस म्हणजे खोलीत साबणाचा वास, कोरी चादर, गादी दाबून बघणारी आई आणि मला हलवून "मजबूत आहे हं" म्हणणारे वडील. आईवडील गेले की मुलगी थोडी रडायची, मग उठून भिंतीवर वेळापत्रक चिकटवायची. "या वेळी पहिल्या दिवसापासून अभ्यास," असं माझ्यावर बसून किती जणींनी ठरवलं असेल, त्याला गणती नाही. नव्याचे नऊ दिवस सरले की वेळापत्रकाचा एक कोपरा सुटायचा, पंख्याच्या वाऱ्यावर फडफडायचा, आणि ये रे माझ्या मागल्या.

तरी माझ्यावर झोपलेल्या मुली पास होत गेल्या. एक तर सगळ्या विद्यापीठात पहिली आली. तेव्हापासून "ती खाट लाभते" अशी माझी ख्याती झाली. सुट्टी संपली की मुली धावत जिना चढायच्या आणि माझ्यावर आपली पिशवी टाकून जागा धरायच्या. खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान वाटायचा.

अशाच एका पहिल्या दिवशी मास्तरीण आली. हे तिचं टोपणनाव. उंच, सडपातळ, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. तिला दुसऱ्याला समजावून सांगितल्याशिवाय स्वतःला काही समजायचंच नाही. जिन्यात, नळावर, कपडे वाळत घालताना ती कुणाला तरी संख्याशास्त्र शिकवत असायची.

समोरच्या खाटेवर जी मुलगी होती तिला सगळे बारकी म्हणत. अंगाने बारीक आणि आवाजाने त्याहून बारीक. पहिल्याच सेमिस्टरला ती एका विषयात नापास झाली आणि तिने घरी परत जायचं ठरवलं. बॅग भरून दाराशी ठेवली. मास्तरणीने तिला हाताला धरून माझ्यावर बसवलं.

"जा की. कोण अडवतंय? पण एवढं एक गणित सोडवून उद्या जा."

बारकीने ते गणित सोडवलं. दुसऱ्या दिवशी मास्तरणीने दुसरं गणित काढलं. तिसऱ्या दिवशी तिसरं. बॅग कितीतरी दिवस तशीच दाराशी होती. मग एकदा केर काढताना मावशींनी ती उचलून खाटेखाली सरकवली आणि पुन्हा कुणी तिचा विषय काढला नाही.

तेव्हापासून दोघींनी कामं वाटून घेतली होती. बारकीला पहाटे उठवायचं काम मास्तरणीचं. पिण्याच्या बाटल्या भरून आणायचं काम बारकीचं. व्हरांड्यात नळ होता. त्याच्या बाजूला पाणी गाळायचं यंत्र होतं, पण ते बंद होतं. 'दुरुस्ती चालू आहे' असा कागद त्याच्यावर लावला होता, आणि तो कागदसुद्धा पिवळा पडला होता.

पाचव्या सेमिस्टरची परीक्षा तोंडावर आली तेव्हा मास्तरणीचं जेवण कमी झालं. ताट समोर आलं की ती तोंड फिरवायची. दिवसाही माझ्यावर पडून राहायची, आणि ती दिवसा झोपणारी मुलगी नव्हती. आजूबाजूच्या खोल्यांतही कुणाला उलट्या, कुणाला ताप, असं चाललं होतं. सगळ्याजणी म्हणायच्या, परीक्षेची धास्ती घेतली की असंच होतं.

मास्तरणीच्या आईचा फोन आला की तिचा आवाज फोनमधून मलाही ऐकू यायचा, इतकी ती माउली जोरात बोलायची.

"बाहेरचं खाल्लंस ना?"

"नाही गं आई."

"मला शिकवू नकोस. पोट असं उगाच बिघडत नाही. चमचमीत खायचं आणि मग रडायचं."

"खरंच नाही खाल्लं."

"पुरे. अंगाशी आल्यावर सगळ्या असंच म्हणतात."

मास्तरणीने फोन उशीखाली ठेवला आणि डोळे मिटले. बारकीने बाटली तिच्या हातात दिली. "उष्णता असेल. पाणी पी भरपूर," ती म्हणाली. मास्तरणीने निम्मी बाटली संपवली.

"डॉक्टरकडे जाऊ या," बारकी रोज म्हणायची.

"एवढे पेपर होऊ देत," मास्तरीण रोज म्हणायची.

शेवटच्या पेपरच्या सकाळी बारकीने खिडकी उघडली आणि उजेडात मास्तरणीचे डोळे पाहिले. ते हळदीसारखे पिवळे होते. मास्तरीण माझ्या कडेवर बसून चपलेचा पट्टा लावत होती आणि तो तिला लागत नव्हता. तिने बारकीकडे पाहिलं आणि तिला आपल्या धाकट्या बहिणीच्या नावाने हाक मारली. "आज वार कोणता गं?" तिने विचारलं. बारकीने सांगितला. तिने पुन्हा विचारलं. मग ती माझ्यावर आडवी झाली आणि उठली नाही.

वॉचमन काका आणि मावशी धावत आले. त्यांनी माझ्यावरच्या चादरीची झोळी केली आणि तिला जिन्यावरून खाली नेलं. बारकी मागे पळाली. खोलीचं दार दिवसभर उघडंच राहिलं.

बारकी परतली ती तिसऱ्या दिवशी. आपल्या खाटेवर न बसता ती माझ्यासमोर जमिनीवर बसली. शेजारच्या खोलीतल्या मुली दाराशी येऊन उभ्या राहिल्या. बारकी म्हणाली, "कावीळ होती. लिव्हरच गेलं म्हणाले. फार उशिरा आणलंत, म्हणाले."

आठवड्याने मास्तरणीची आई सामान न्यायला आली. फोनमधला तो मोठा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. तिने एकेक कपडा झटकून घडी घातली, जणू मुलगी ते उद्या घालणार होती. मग माझ्यावर बसली आणि बारकीला म्हणाली, "तू जवळ होतीस. नीट जेवायची का गं ती?"

"जेवायची काकू. आधी जेवायची."

रेक्टर मॅडम दाराशी उभ्या होत्या. त्या वाईट बाई नव्हत्या. पण त्यांनाही काहीतरी बोलायचं होतं, म्हणून बोलल्या, "मुलींना किती सांगतो आम्ही, बाहेरचं खाऊ नका म्हणून. ऐकत नाहीत."

आईने मान हलवली. "मीही तेच सांगत होते," ती म्हणाली. तिने पिशवी उचलली. दाराशी जाऊन ती परत आली, माझ्यावर हात फिरवला, आणि गेली.

मग सुट्टी लागली आणि माझं नशीब फिरलं. एके काळी जिच्यासाठी मुली धावत येत, ती खाट आता कुणालाच नको होती. "त्या खाटेवर नको," दोघीतिघींनी कचेरीत सांगितलं. दोन गड्यांनी मला उचललं, जिन्याच्या वळणांवर ठेचाळत खाली नेलं आणि स्वयंपाकघराच्या मागे, रानटी गवतात टाकून दिलं. माझ्या जागी नवी खाट आली.

मागच्या अंगणात कुणी येत नसे. तिथे मोडक्या खुर्च्या, फुटक्या बादल्या आणि मी, अशा आम्ही टाकलेल्या वस्तू होतो. माझ्या एका बाजूला गटाराचं चेंबर होतं. दुसऱ्या बाजूला जमिनीतली टाकी होती. टाकीच्या झाकणाला आरपार तडा गेला होता आणि त्याचा एक कोपरा खचला होता. शेजारी पाण्याची मोटर होती. ती चालू झाली की जमीन थरथरायची आणि तिच्याबरोबर मीही. सुट्टीत वसतिगृह रिकामं होतं, म्हणून चेंबर गप्प होतं. उन्हातान्हात माझ्यावर गंज चढत राहिला. मला वाटलं, आता भंगारवाला येईल आणि गोष्ट संपेल.

सुट्टी संपली. दुपारी कचरा टाकायला मावशी आल्या आणि त्यांच्या मागे बारकी आली.

"ही बघ ती खाट," मावशी म्हणाल्या. "काय करायचंय तुला हिचं? गंजून गेलीय."

"काही नाही. बघायची होती."

ती माझ्यावर बसली. मावशीही टेकल्या. मग बारकी सांगू लागली.

"सकाळी पहिला तास होता, मावशी. सरांनी हजेरी घेतली. मला वाटलं, तिच्या नंबरला थांबतील. नुसतं क्षणभर तरी थांबतील. पण नंबरच बदललेत. तिच्या पुढच्या सगळ्यांचा नंबर एकाने खाली आलाय. तिचा नंबर आता माझाय. सर म्हणाले आणि मला 'हजर' म्हणावं लागलं."

मावशींनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"मुली नवीन वह्या घेतायत, वेळापत्रक लावतायत. मी पण लावलं. ते लावताना वाटलं, हे सेमिस्टर मी का करतेय? मी तर केव्हाच घरी जाणार होते. ती रोज थांबवायची म्हणून थांबले. आता थांबवायला कुणी नाही, तर जाववत पण नाही."

तेवढ्यात चेंबर गुरगुरलं. सगळ्या मुली आज परतल्या होत्या. वर अंघोळी, धुणी, शौचालयं, सगळं एकदमच सुरू झालं होतं. चेंबरच्या कडेने काळं पाणी वर आलं. ते गवतातून माझ्या पायांखाली सरकलं. घाण वास सुटला. बारकीने पाय वर घेतले आणि ते पाणी कुठे जातंय ते बघत राहिली. ते टाकीच्या झाकणापर्यंत गेलं, खचलेल्या कोपऱ्याशी जमलं आणि आत उतरू लागलं. मोटर सुरू होती.

"मावशी, ही टाकी कसली?"

"पिण्याची. इथूनच वर चढतं ना पाणी."

बारकीने माझी कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. ती बोलली, पण आमच्यापैकी कुणाशी नव्हे.

"मीच भरून आणत होते. ती नको म्हणायची आणि मी म्हणायचे, पाणी पी."

"तुला कसं काही झालं नाही गं," मावशी पुटपुटल्या.

"मला लहानपणीच कावीळ होऊन गेलीय. डॉक्टर म्हणाले होते, म्हणून वाचलीस." एवढं बोलून ती उठली. आधी तिने मोटर बंद केली. मग फोन काढून झाकणाचे, चेंबरचे आणि त्या दोघांमधल्या काळ्या ओघळाचे फोटो घेतले, आणि आत गेली.

थोड्या वेळाने ती रेक्टर मॅडमना घेऊन आली. त्यांच्याबरोबर एक गृहस्थ होते. बारकीच्या खोलीत, माझ्या जागी आलेल्या खाटेवर जी नवी मुलगी आली होती, तिचे ते वडील. ते बस चालवायचे. लेकीचं सामान वर नेत असताना बारकीने त्यांना जिन्यातच अडवलं होतं.

मॅडमनी नाकाला पदर लावला. त्या झाकणाकडे बघत राहिल्या.

"मी वर कळवलं होतं," त्या म्हणाल्या. "दोनदा कळवलं. बघू म्हणाले."

"तुम्ही स्वतः कधी येऊन बघितलं होतं, मॅडम?" बारकीने विचारलं. तिचा आवाज नेहमीसारखाच बारीक होता.

मॅडम खालच्या स्वरात म्हणाल्या, "हे बघ बाळा, आपण झाकण बदलून घेऊ. टाकी धुऊन घेऊ. पण गावभर करू नकोस. हे बाहेर गेलं तर वसतिगृहाला कुलूप लागेल. एवढ्या मुली कुठे जातील? तुझंही शेवटचं वर्ष आहे. तू कुठे जाशील?"

"ती कुठे गेली, मॅडम?"

आता नव्या मुलीचे वडील म्हणाले, "मी गाडी चालवतो, बाई. ब्रेक लागत नाही असं कळलं की मी प्रवासी भरत नाही. मग कुणाला उशीर झाला तरी चालेल." आणि ते लेकीचं सामान खाली आणायला गेले.

त्यानंतर बारकी खोल्याखोल्यांतून फिरली. तिने बाटल्या ओतून टाकायला लावल्या आणि फोटो दाखवले. संध्याकाळपर्यंत पालकांचे फोन कचेरीत खणखणू लागले. पाणी तपासायला माणसं आली. त्यांनी माझ्याच पट्ट्यांवर आपली पेटी ठेवून बाटल्या भरल्या. पाण्यात नको ते सगळं सापडलं. वसतिगृह बंद झालं. टाकी फोडून दुसरीकडे बांधायचं काम सुरू झालं.

मित्रांनो, इथे गोष्ट गोड करून सांगता आली असती. पण तसं झालं नाही. कुलूप लागल्यावर काही मुलींना शहरात दुसरी जागा मिळाली नाही. दोघींच्या घरच्यांनी त्यांना परत बोलावून घेतलं ते कायमचंच. त्यातल्या एकीने जाताना बारकीला तोंडावर सांगितलं, "तुझ्यामुळे माझं शिक्षण गेलं." रेक्टर मॅडमची बदली झाली. ज्यांनी 'बघू' म्हटलं होतं, त्यांची चौकशी सुरू आहे, असं मी अजून ऐकते. मास्तरणीच्या घरी कुणी साधा फोनही केला नाही.

तो बारकीनेच केला. वसतिगृह रिकामं करायच्या दिवशी आपलं सामान फाटकाशी ठेवून ती मागच्या अंगणात आली, माझ्यावर बसली. तिने फोन लावला.

"काकू, मी बोलतेय. तिच्या खोलीतली."

"बोल बाळ."

"काकू, ती बाहेरचं खात नव्हती. कधीच नाही. इथलं पाणी वाईट होतं. टाकीत गटाराचं पाणी जात होतं. आता सिद्ध झालंय." मग तिने श्वास घेतला. "आणि ते पाणी मी भरून आणत होते."

बारकीने फोन कानापासून दूर धरला, बंद पडला का ते पाहिलं, आणि पुन्हा कानाला लावला.

"मला म्हणाली होती ती," आई अखेर बोलली. "खरंच नाही खाल्लं म्हणाली होती. मी तिला खोटारडी ठरवलं. शेवटचं धड बोलणं तेच झालं आमचं."

बारकी रडू लागली. पलीकडचं रडणंही मला ऐकू येत होतं. दोघी एकमेकींना थांबवत नव्हत्या. मग आईने नाक पुसलं आणि विचारलं, "तू कुठे राहणार आता?"

"बघते. एका मैत्रिणीची मावशी आहे."

"परीक्षा दे हो. मध्येच सोडू नकोस. आणि सांगितलंस ते बरं केलंस. तुला ठाऊक नव्हतं, बाळ. मला तर ती स्वतः सांगत होती."

बारकी सामान घेऊन गेली. ती परीक्षा देईल का, पास होईल का, मला माहीत नाही. मी खाट आहे. माझ्यावरून उठून गेलेल्या माणसांचं पुढे काय होतं, ते मला क्वचितच कळतं. वसतिगृह पुन्हा उघडेल तेव्हा नव्या सेमिस्टरला नव्या मुली येतील. पण मी त्यांच्यात नसेन. टाकी बांधणारे गडी सध्या माझ्यावर सिमेंटच्या गोण्या ठेवतात. गोण्या संपल्या की मला भंगारात काढतील.

माझ्यासारख्या वस्तू आपल्या आयुष्याच्या शेवटी मुलांना सांगतात की आम्हाला जपा, आमच्यावर रंगाचा हात फिरवा. मी ते मागत नाही. माझं वय झालं. मला एवढंच वाटतं की जी माणसं आपल्यासमोर आडवी पडली आहेत, ती सांगतात ते खरं धरावं. कुणी म्हणालं, मी नाही खाल्लं, तर आधी ते ऐकून घ्यावं आणि मग दुसरं कारण शोधावं.

आणि आणखी एक. तुम्ही जिथे राहता, शिकता, पाणी पिता, त्या इमारतीच्या मागे एकदा जाऊन या. जिथे गवत वाढलेलं असतं आणि सहसा कुणी जात नाही, तिथे जा. टाकीवर झाकण आहे का, ते बघा. आज जमत असेल तर आजच जा, मित्रांनो.